कातड्याचा पट्टा

गुरुमूर्तींच्या आईच्या, अंबाबाईंच्या श्राद्धाला दोन दिवस उरले होते, आणि भटजी कोण, केळीची पानं किती, याचं बोलायचं सोडून त्यांच्या घरातली माणसं कपडे धुण्याच्या यंत्रावरून भांडत होती. पोंगल होऊन आठवडा झाला होता. तंजावुरात त्या वर्षी ज्याच्या त्याच्या घरी काहीतरी नवं येत होतं, कोणाकडे रंगीत टीव्ही, कोणाकडे फोन. या घरात फोन आला होता आणि आता भांडण आलं होतं.

मागच्या अंगणात, विहिरीपाशी, ते यंत्र आडवं पडलं होतं. पांढऱ्या मुलाम्याचं गोल पिंप, खाली चार चाकं, वर कपडे पिळायचे दोन रबरी रूळ आणि ते फिरवायची दांडी. सदतीस वर्षं ते मागच्या खोलीत उभं होतं. त्याच्या पोटात चिंच भरली गेली, वाळवणाचे वडाम भरले गेले, मुलांची जुनी पुस्तकं भरली गेली. कपडा तेवढा एकही गेला नाही. दिवाळीला गुरुमूर्तींचा मुलगा सतीशकुमार होसूरहून आला आणि हे चालू करायचंच असं त्याच्या डोक्यानं घेतलं. तेव्हा त्यानं पिंप चिंचेनं घासून लख्ख केलं. रूळ पार दगड झाले होते. छापखान्याचे रूळ मढवून देणारा एक माणूस कीळवासलला आहे, त्याच्याकडून ते नव्या रबरानं मढवून आणले. आता राहिली होती खालची मोटर, तिच्यावरचं झाकण आणि झाकणाचे चार गंजलेले बोल्ट.

"सोमवारीं दुकानाची गाडी येते," अखिला म्हणाली. ती सतीशची बायको. तो होसूरच्या कारखान्यात, ही इथं सासू-सासऱ्यांजवळ, आणि दहाच्या ठोक्याला बँकेत. "जुनं कसलंही चालतं म्हणाले. हें नेतील, नवं ठेवून जातील. तुम्ही श्राद्ध झालं कीं होसूरला जाल. हें मध्येंच थांबलं तर मी कोणाला बोलावूं?"

"दोन दिवस थांब ग. चालू करून दाखवतों."

"दाखवायला काय, प्रदर्शन आहे काय? पहांटे पांचला दगडावर कपडे कोण आपटते, तें एकदां येऊन पाहा."

यात खोटं काही नव्हतं. सासूच्या, चंद्रमतीच्या हातांना पाणी-साबण बंद करून डॉक्टरांना तीन महिने झाले होते आणि तेव्हापासून घरातलं सगळं धुणं अखिलेवर आलं होतं. पण सतीशची बहीण वसुमती कुंभकोणमहून श्राद्धाला आली होती, आणि माहेरी आलेल्या नणंदेला भावजयीचं बरोबर असलं तरी पटत नाही.

"तें अम्माचं आहे," वसुमती म्हणाली. "तिच्या अप्पांनी तिला पाठवलेलं. द्यायचं कीं ठेवायचं, तें तूं कां ठरवतेस?"

"अक्का, तुम्ही वर्षाला चार दिवस येतांत. त्यांतलं एक दिवस धुऊन पाहा. मग आपण बोलूं."

हे आता चढत जाणार असं अखिलेला वाटलं, तोच पडवीतून सासऱ्यांचा, गुरुमूर्तींचा आवाज आला. "अखिला म्हणते तेंच बरोबर आहे. देऊन टाका."

सगळे वळून पाहायला लागले. हा माणूस फ्रिजला नको म्हणाला होता, कुकरला नको म्हणाला होता, टीव्ही आल्यावर आठ दिवस त्याच्याकडे पाठ करून बसला होता. तो आज नव्या यंत्राला हो म्हणत होता. आंधळा मागतो एक डोळा, तसं अखिलेचं झालं. पण आनंद व्हायच्या आधी तिला संशय आला. सासऱ्यांनी तिची बाजू घेतली, असा तिच्या लग्नापासूनचा हा पहिलाच दिवस.

"अप्पा म्हणतात तर द्या बाबा," वसुमतीनं लगेच पलटी खाल्ली. ती जन्मापासून अप्पांच्या बाजूची. "नाहींतरी त्याचा काय उपयोग?"

सतीश एकटा पडला. त्यानं पाना बोल्टवर बसवला आणि आईकडे पाहिलं.

चंद्रमती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दोन्ही हातांना जुन्या मऊ वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, पट्ट्या गुंडाळलेल्या. भेगा पडून पडून बोटांची कातडी सोलून निघाली होती. "तुम्हां लोकांचं काय धुवायचं तें त्यांत धुवा, नाहींतर देऊन टाका," ती म्हणाली. "माझं मडीचं त्यांत होणार नाहीं. आंत कातडं आहे."

कातड्याची गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ होती. मडी, म्हणजे सोवळं, अंबाबाईंच्या काळी या घरात असं कडक होतं की नळात कातड्याची चकती असते म्हणून त्या जन्मभर नळाचं पाणी प्यायल्या नाहीत. अशा घरात चंद्रमतीच्या वडिलांनी, पोन्मलैच्या रेल्वे वर्कशॉपात फोरमन असलेल्या सुब्रह्मण्यरावांनी, कुन्नूरचा मळा विकून निघालेल्या एका साहेबाकडून हे यंत्र घेतलं, दुरुस्त केलं आणि बैलगाडीवर घालून लेकीच्या दारात आणून उतरवलं. आणि त्यात मोटरीवरून फिरणारा पट्टा निघाला कातड्याचा. अंबाबाईंनी त्याला हात लावू दिला नाही. त्यांची दोन नऊवारी, नवऱ्याची पूजेची वेष्टी, स्वतःचं नऊवारं, असं सगळं चंद्रमतीनं विहिरीवर हातानं धुतलं, काठीनं उंच कोडीवर, म्हणजे वलणीवर, वाळत घातलं. अंबाबाई गेल्या तरी ती धूतच राहिली.

"कातड्याचा असेल तर मी रबराचा घालतों, अम्मा," सतीश म्हणाला. "मग तर झालं?"

"अरे, उघडूंच नको तें!" गुरुमूर्ती म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. "गंजलेलं आहे. हात कापून घेशील. सोमवारीं गाडी येते ना?"

सतीशला लहानपणापासून एक खोड होती. नको म्हटलं की त्याचा हात तिकडेच जायचा. त्यानं पान्यावर अंगाचा भार टाकला. पहिला बोल्ट करकरला, दुसरा तुटला, तिसऱ्या-चौथ्यावर त्यानं एरंडेल सोडलं आणि पाचेक मिनिटं वाट पाहिली.  मग झाकण निघालं. आत कोळ्यांची घरं, वाळलेलं काळं ग्रीस आणि एक मेलेली पाल. मोटर शाबूत होती. पट्टा दोन चाकांवर ताणून बसलेला होता. सतीशनं तो सोडवला, घासलेटच्या फडक्यानं पुसला आणि उजेडात धरला.

कारखान्यात त्याच्या हाताखालून असे शेकडो पट्टे गेले होते. कातड्याला वास असतो, आणि जुनं झालं की ते तडकतं. याला तडा नव्हता. वीण दिसत होती, उभे-आडवे धागे. तीन पदर एकमेकांवर ठेवून हातानं शिवलेले होते, टाके इतके बारीक की मोजायला भिंग लागावं.

"अम्मा!" तो ओरडला. आपण काय ओरडतो आहोत याचा त्यानं विचार केला नाही. त्याला फक्त आनंद झाला होता. "हें कातडं नव्हे! कॅनव्हास आहे, सुताचा! पाहा तरी!"

चंद्रमती पायऱ्या उतरून आली. पट्टी गुंडाळलेल्या हातात तिनं तो पट्टा घेतला. बोटांना काही कळेना म्हणून तिनं तो गालाला लावून पाहिला.

"नंतर कोणी बदललं असेल," ती म्हणाली.

"झाकण आजच उघडलं, अम्मा. बोल्ट पाहा कीं. आणिक हें कुठल्या कारखान्याचं नव्हे. कोणी मुद्दाम बसून शिवलेलं आहे."

"मग कातडं म्हणून सांगितलं कोणी?" वसुमतीनं विचारलं, आणि उत्तर तिचं तिनंच, आजीवर ढकलून, देऊन टाकलं. "पाटीनंच सांगितलं असणार. तिला मिशीन नको होतं. तिचा स्वभाव कोणाला ठावूक नाहीं?"

सगळ्यांनी मान हलवली. अंबाबाईंवर काहीही खपून गेलं असतं.

गुरुमूर्ती पडवीच्या खांबाला धरून उभे होते. वसूनं दार उघडून दिलं होतं, नुसतं आत जायचं होतं. अम्मा जाऊन अकरा वर्षं झाली. परवा तिचं श्राद्ध. हां, अम्माच म्हणाली होती, एवढं बोललं की झालं. कोण विचारायला येणार? ते शब्द त्यांच्या तोंडापर्यंत आले. मग परवाचा दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर आला. आपण दर्भ घालून बसणार, अम्माचं नाव घेऊन पिंड ठेवणार, आणि त्याच तोंडानं आज तिच्यावर हे ढकलणार.

"अम्मानं नाहीं," ते म्हणाले. "मी सांगितलं."

चंद्रमतीनं वर पाहिलं.

"गाडी दारांत आली तेव्हां अर्धी वीथी जमली होती," ते म्हणाले. त्यांना बसायचं होतं, पण बसवेना. "कोणी म्हणालं, गुरुमूर्तीच्या बायकोला हात नाहींत काय? कोणी म्हणालं, सासऱ्याला लेकीचे हाल बघवेनात. तुझे अप्पा दिवाळसणाला आले होते तेव्हां जेवतांना तुझे हात बघत होते, मी पाहिलं होतं. मला वाटलं, यांनी मला गांवासमोर कागद लिहून पाठवला. तक्रारीचा. रात्रभर तें डोक्यांत. सकाळीं अम्मानं विचारलं, तें फिरतं कशावर रे? मी म्हणालों, कातड्याच्या पट्ट्यावर. एकच शब्द. त्यापुढें तिनं कांहीं विचारलं नाहीं."

"तुम्हांला ठावूक होतं, कातडं नाहीं म्हणून?"

त्यांनी नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. घाईत चुकीचं सांगितलं, एवढ्यावर निभावलं असतं.

"ठावूक होतं. गाडीवरून उतरवतांना तुझ्या अप्पांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं. म्हणाले, साहेबाचा होता तो कातड्याचा होता, तो मी काढून टाकला, सुताचा घातला आहे, तुमच्या घरची मडी मला ठावूक आहे, तेवढं तुमच्या अम्मांना तुम्हीच सांगा. मी सांगतों म्हणालों."

अंगणात कावळा ओरडत होता. वसुमतीनं पदर तोंडाला लावला. अखिलेला सासऱ्यांचा राग यायला हवा होता, तो आलाही. पण आपण सोमवारच्या गाडीसाठी इतका वेळ भांडलो, याची तिला उगीच लाज वाटायला लागली.

"दुसऱ्या दिवशीं सांगणार होतों," गुरुमूर्ती म्हणाले. "मग त्याच्या दुसऱ्या दिवशीं."

चंद्रमती वळली. पट्टा घेऊन आत गेली. त्या दिवशी ती सगळ्यांशी बोलली, तांदूळ किती भिजवायचे ते अखिलेला सांगितलं, वसूच्या मुलांची चौकशी केली. नवऱ्याचं पान वाढलं. त्यांच्याकडे पाहिलं मात्र नाही. तिच्या डोक्यात एकच दुपार फिरत होती. वसूच्या बारशाची. यंत्र येऊन वर्ष झालं होतं. सुब्रह्मण्यराव नातीसाठी चांदीचे वाळे घेऊन आले होते. मागच्या खोलीत यंत्रावर चिंचेचं मडकं ठेवलेलं त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "वापरत नाहींस कां ग, चंद्री?" बारा बायका बसल्या होत्या, सासू बसली होती, आणि वर्षभर ऐकून घेतलेले टोमणे चंद्रमतीच्या पोटात साठले होते. ती म्हणाली, "अप्पा, आमच्या घरची मडी तुम्हांला ठावूक होती. तरी कातडं घालून पाठवलांत. तुमच्यामुळें मला अस्के लोक हसतांत. देणार होतांत तर नीट द्यायचं होतं, नाहींतर द्यायचंच नव्हतं."

अप्पांनी एकदा जावयाकडे पाहिलं. एकदाच. जावयावर अशी पाळी आणल्याबद्दल ते त्याची माफी मागत आहेत, असं तेव्हा चंद्रमतीला वाटलं होतं. मग ते म्हणाले, "चुकलं बाळ माझं." पानं मांडलेली होती. ड्यूटी आहे म्हणून ते चारच्या पॅसेंजरला निघून गेले. तिनं त्यांना थांबवलं नाही. पुढे दोन वर्षांत त्यांची चार पत्रं आली. तिनं एकाला उत्तर लिहिलं, तेही तीन ओळींचं. ती पोन्मलैला पोचली तेव्हा अप्पांचा दहावा दिवस होता.

चूक कोणाची, हे आता ठरून काय होणार होतं? नवऱ्यानं एक शब्द खोटा सांगितला. पण तो शब्द खरा धरून बापाला बारा बायकांत बोलली ती तीच. तिनं झाकण उघडून पाहिलं नाही. आपल्या बापाच्या हातून अशी चूक होईल का, एवढंसुद्धा तिनं स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सतीशनं मोटर पुसून, उन्हात वाळवून, नवी वायर घालून बसवली. पट्टा अम्माकडे मागायला तो घाबरत होता. तिनंच आणून दिला.

"हाच घाल. धरेल कीं नाहीं?"

"धरेल. आणिक वीस वर्षं धरेल."

"मग माझं उद्यांचं नऊवारं यांतच होईल."

"अम्मा, श्राद्धाचं? मडीचं?" वसुमती दचकली.

"मडीसाठींच केलेलं आहे तें," चंद्रमती म्हणाली.

पाणी विहिरीचं लागणार होतं आणि तेही मडीनं काढलेलं. चंद्रमतीचे हात तसे. वसूनं अजून आंघोळ केली नव्हती, अखिलेनंही. तेवढ्यात न्हाणीचं दार वाजलं. गुरुमूर्ती ओली वेष्टी नेसून बाहेर आले, कोणाकडे न पाहता विहिरीवर गेले आणि पोहरा सोडला. अडुसष्ट वर्षांचा माणूस. पहिली घागर त्यांनी पिंपात ओतली, दुसरी ओतली. सतीश मदतीला सरसावला तर त्याला मानेनंच मागं सारलं, त्यानं शिवून चालणार नव्हतं. नऊ घागरी झाल्या तेव्हा ते धापा टाकत होते. चंद्रमतीनं पुरे म्हटलं नाही. पाणी खुणेपर्यंत आलं आणि ते आपणच थांबले.

सतीशनं बटन दाबलं. यंत्र आधी गुरगुरलं, हादरलं, सदतीस वर्षांची धूळ खालून फुर्रकन उडाली, आणि मग पिंपातलं पाणी इकडून तिकडे फिरायला लागलं. किरमिजी नऊवारं त्यात फुगून वर आलं आणि खाली गेलं. अखिला अगदी जवळ येऊन पाहत होती. सोमवारच्या गाडीचं ती काही बोलली नाही.  पिळायची वेळ आली तेव्हा दांडी गुरुमूर्तींनी धरली. चंद्रमती लुगड्याचं टोक रुळांत घालत गेली, ते फिरवत गेले. नऊ वार लुगडं पलीकडून चपटं, कोरडंसं होऊन येत होतं. जिथं तिची बोटं सोलायची ती जागा हीच, पिळण्याची. नऊ वार पिळायला तिला रोज जेवढा वेळ लागायचा त्याच्या पावही लागला नाही. काठीनं तिनं ते कोडीवर टाकलं. हात दुखले नाहीत. त्याचंच तिला रडू आलं आणि ती रडली, सगळ्यांसमोर, डोळे न पुसता.

मग ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मुरलीला फोन लावा. मला सांगितलंत तें त्याला सांगा. तुमच्या तोंडानं."

मुरलीकृष्ण तिचा धाकटा भाऊ, त्याच पोन्मलैच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला. चंद्रमतीच्या रुसव्यात त्याच्याकडचं येणंजाणंही लग्नकार्यापुरतंच उरलं होतं. गुरुमूर्तींनी नंबर फिरवला. दोनदा चुकला. लागल्यावर त्यांनी ख्यालीखुशाली विचारली नाही, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: पट्टा, अम्माचा प्रश्न, तो शब्द. मग बराच वेळ ते नुसतं ऐकत राहिले.

"काय म्हणतो?" चंद्रमतीनं विचारलं.

गुरुमूर्तींनी रिसीव्हरवर हात ठेवला. "म्हणतो, ठावूक आहे. पट्टा शिवतांना दिवा धरून तोच बसला होता. अप्पा इथून गेले त्याच दिवशीं त्यांना कळलं होतं, मी सांगितलं नाहीं म्हणून. मुरली भांडायला निघाला होता. अप्पांनी त्याच्याकडून शपथ घेतली, चंद्रीला कधीं सांगायचं नाहीं." त्यांनी रिसीव्हर तिच्यापुढे धरला. "अप्पा म्हणाले, तिला त्याच घरांत राहायचं आहे."

चंद्रमतीनं हात पुढे केला. पट्ट्या भिजलेल्या होत्या, रिसीव्हर दोन्ही तळव्यांत धरावा लागला. पलीकडे मुरली "अक्का, अक्का" म्हणत होता. तिच्याजवळ विचारायला एकच गोष्ट होती. इतकी वर्षं ती तिनं मनाच्या तळाशी दाबून ठेवली होती.

"मुरली," ती म्हणाली, "त्या दिवशीं अप्पा इथून न जेवतां गेले रे. घरीं येऊन तरी जेवले कीं नाहीं?"

मुरलीला आठवायला वेळ लागला नाही.

"नाहीं, अक्का. अम्मानं पान वाढलं होतं. तिला म्हणाले, उचल, चंद्रीनं पोटभर वाढलं आहे."